शेपटीची क्रियापदं

लिडिया पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा आईला जाऊन महिना होत आला होता. दार उघडंच होतं. मी शाळेतून येऊन खुर्चीत बसले होते, चपला पायातच होत्या. त्या दिवसांत मी अशी पुष्कळ वेळ बसत असे. काही आठवत बसायचे असं नाही. नुसती बसत असे.

"बाई, वळखलं का?" तिनं उंबऱ्याबाहेरून विचारलं.

ओळखलं होतं. आई राहुरीच्या दवाखान्यात ज्या वॉर्डात होती तिथली ही नर्स. ती आमच्याच देवळालीत, चर्चच्या मागच्या आळीत राहते आणि रोज एस.टी.नं राहुरीला जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

"ये. बस."

ती खाटेच्या कडेवर बसली. पिशवी मांडीवर घेतली, मग खाली ठेवली.

"तुमच्याकडं एक काम हुतं. पन आत्ता इचारावं का न्हाई, कळत न्हाई."

"विचार."

"मला इंग्लिश शिकवा."

"तुझं नर्सिंग इंग्रजीतच झालं असेल ना?"

"त्ये इंग्लिश येतंय. फीमर, स्टर्नम, समदी हाडं येत्यात. बोलायचं येत न्हाई."

मग तिनं सांगितलं. गेल्या वर्षी इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलची मेट्रन नर्सेस निवडायला मुंबईला आली होती. लिडियाची थोरली बहीण कृपा त्याच हॉस्पिटलात तीन वर्षं नोकरी करत होती, तिनंच लिडियाला अर्ज करायला लावला होता. कागद सगळे ठीक होते. मुलाखतीत मेट्रननं पहिलाच प्रश्न विचारला, हाऊ डू यू गेट ऑन विथ युअर सीनियर्स?

"मी म्हनाले, सीनियर्स गेट ऑन ॲट नगर, मॅडम. आय गेट ऑन ॲट देवळाली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"ती वरच्यांशी कसं जमतं इचारत हुती, मला वाटलं एस.टी.त कुठं चढता इचारत्यात. मंग त्यांनी इचारलं, वार्डात कुनी पास आउट झालं तर काय करशील? मी म्हनाले, आय विल कंग्रॅच्युलेट."

मला हसू यायला हवं होतं. हसू जिथून येतं ती जागा मला माहीत होती, पण तिथं काही हललं नाही.

"आता मार्चात ती बाई परत येनार हाय," लिडिया म्हणाली. "ह्या खेपंला न्हाई झालं तर पुढं वयात बसत न्हाई मी. मंग आईनं खर्ड्याचं स्थळ बघून ठेवलंय, ती काय थांबत न्हाई."

"स्थळ वाईट आहे का?"

"वाईट न्हाई. खर्ड्याला किल्ला हाय आन त्यो मानूस हाय. दोनी बघून झाले."

"माझ्याकडेच का आलीस?"

"त्या दिवशी तुमी डाक्टरांशी इंग्लिशमधी बोलला. म्हंजी शाळंतल्यावानी न्हाई, तोंडातल्यावानी."

त्या दिवशी म्हणजे कोणत्या दिवशी, हे दोघींनाही माहीत होतं. ती जमिनीकडे बघत राहिली. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि ते शोधायला उठावं लागलं असतं.

त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आईच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. सकाळी वॉर्ड धुवायचा म्हणून नातेवाइकांना बाहेर काढलं तशी मीही व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. हातात पुस्तक होतं, वाचतही होते. लिडिया दारातून बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, आई ऑफ झाल्या." आतून तिला कुणीतरी हाक मारली, ती वळून गेली. मी वर पाहिलं. व्हरांड्यातला दिवा दिवसाचा कशाला लागेल, तो बंदच होता. आधी मी दिव्याकडे पाहिलं एवढं मला आठवतं. मग केरळचे डॉक्टर आले, त्यांना मराठी येत नव्हतं, आम्ही इंग्रजीत बोललो. मी त्यांचे आभार मानले. वाक्यं सगळी व्याकरणशुद्ध होती.

पुस्तकांतली मरणं मी पुष्कळ वाचली होती. नगरच्या लायब्ररीतून जाडजाड इंग्रजी कादंबऱ्या आणायचे, त्यांत माणसं पानोपानी मरत आणि मागे राहिलेली माणसं खिडकीशी उभी राहत, पावसात निघून जात, आजारी पडत. मी यातलं काही केलं नाही. माझा धाकटा भाऊ काकासाहेब शेती बघतो. त्यानं आईचं सगळं केलं. मी आल्यागेल्याचा चहा केला. जेवले. तेराव्यानंतर शाळेत हजर झाले. त्या वर्षी पाऊस नव्हता, मोठ्या वर्गातल्या निम्म्या मुली आयांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, त्यामुळे वर्गही शांतच असायचे.

"ताई, एकदा रडून घे," काकासाहेब म्हणाला होता. "लोक बोलत्यात."

"काय बोलतात?"

"म्हनत्यात, मास्तरीन दगड हाय."

"म्हणू दे."

"मी म्हनलं त्यान्ला, तिचं समदं पुस्तकात जातंय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "जातंय का गं?"

"नाही," मी म्हणाले.

लिडियाच्या पाळ्या बदलत. सकाळची पाळी असली की ती चारच्या एस.टी.नं परत यायची आणि तडक माझ्याकडे. तिला मोठे शब्द येत होते. अडत होतं ते लहान शब्दांशी. गेट, पुट, टेक, कम, गो. एकटे असले की तिला ते ओळखीचे वाटत. मागे अप, डाऊन, ऑन, आउट लागलं की ते तिच्याकडे अनोळख्यासारखे बघायला लागत.

"साधं क्रियापद आस्तं, कुत्र्यावानी," ती म्हणाली. "शेपटी लागली की मात्र डुक्कर हाय का घोडा, काय कळत न्हाई."

तेव्हापासून आम्ही त्यांना शेपटीची क्रियापदं म्हणायला लागलो.

"ब्रिंग अप म्हणजे वाढवणं. आय ब्रॉट अप थ्री चिल्ड्रन."

तिनं तीनदा म्हटलं.

"आणि ब्रिंग अप म्हणजे उलटी करणं सुद्धा. द बेबी ब्रॉट अप हिज मिल्क."

"थांबा, थांबा. लेकरं वाढवनं आन वकनं, दोनीला एकच?"

"एकच."

"आन त्यान्ला कळतं कसं?"

"पुढे काय आलं त्यावरून. दूध आलं तर उलटी, मूल आलं तर वाढवणं."

"आन मूलच वकलं तर?"

"लिडिया."

"इचारून ठेवते बाई. वार्डात काय पन हुतं."

कम राऊंड म्हणजे शुद्धीवर येणं, आणि कुणाच्या घरी सहज डोकावणंही. गो डाऊन म्हणजे सूज उतरणं. पुल थ्रू म्हणजे दुखण्यातून उठणं. लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इनटू. हे सगळं मला माहीत होतं, पण मी ते डोळ्यांनी वाचलेलं होतं, तोंडात कधी घेतलेलं नव्हतं. एकेक शब्द मी तिच्यासमोर मोठ्यानं म्हणायची तेव्हा तो मलाही नवा लागायचा. तेवढा वेळ दुसरं काही डोक्यात नसायचं. मी संध्याकाळची वाट पाहत होते असं म्हणणार नाही. पण पाच वाजले की मी चपला काढून ठेवलेल्या असायच्या.

एकदा ती रडकुंडीला आली. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह अवे, असे चार एकदम घेतले होते.

"त्यान्ला शेपट्या लावायची हौसच लई," ती म्हणाली. "देनं ते देनं. सरळ देऊन टाकावं ना."

"काय म्हणालीस?"

"देऊन टाकावं."

"टाकावं कशाला? देऊन झालं की टाकायचं काय राहिलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"आपण खाऊन टाक म्हणतो," मी म्हणाले. "त्यात काय टाकतो? येऊन बसला म्हणतो, तो उभा असला तरी. बोलून गेला म्हणतो, आणि तो तिथंच असतो. ही आपली शेपटी आहे. तू बोलायला लागलीस तेव्हापासून लावतेस. कुणी शिकवली?"

"कुनी न्हाई." ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. "पडून राहिली. उठून बसली. रडून घेतलं. आयला बाई, आपल्यात पन जंगल हाय की!"

"त्यांचं तसंच. कशाला लावलं विचारायचं नाही. लावायचं."

त्यानंतर ते तिला सोपं झालं. गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणं, ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाकणं, सेटल डाऊन म्हणजे स्थिरावून जाणं. नेमकं बसायचं नाही, पण हात धरायला कठडा मिळाला. ती एस.टी.त बसल्या बसल्या जुळवायची आणि दारात पाय ठेवतानाच एखादा अंगावर टाकायची. "बाई, रन आउट! साखर संपून गेली, वुई हॅव रन आउट ऑफ शुगर. बरोबर?"

"बरोबर."

"आन नवरा पळून गेला तर?"

"रन अवे."

"शेपटी बदलली की नवरा गेला बगा."

काकासाहेब कधी दूध द्यायला यायचा, दारात टेकून ऐकायचा. त्याला तिची गंमत वाटायची. "काय लिडियाबाई, कुठवर आलं इमान?"

"मुंबैवर घिरट्या घालतंय, काका. खाली उतरंना."

"उतरंल, उतरंल. आन न्हाई उतरलं तर खर्डा हायच की. तिकडं पन मोकळं रान हाय."

"तुमी पन आईच्याच पार्टीत व्हय?"

आईच्या खाटेचाही उपयोग झाला. पेशंटशी बोलायची वाक्यं नुसती पाठ करून तोंडात बसत नव्हती, म्हणून मी खाटेवर पडायची आणि ती मला हलवायची. लाय डाऊन. टर्न ओव्हर. होल्ड आउट युअर आर्म. तिचे हात सवयीचे होते, मानेखाली बरोबर जागी जायचे. आईची खाट, आईची नर्स आणि खाटेवर मी, हे माझ्या ध्यानात येत होतं. ध्यानात येत होतं, एवढंच. वरचं छत नीट दिसायचं.

एक शेपटी मात्र मी घेत नव्हते. ऑफ. म्हणजे टेक ऑफ घेतलं, गेट ऑफ घेतलं, पुट ऑफ सुद्धा घेतलं, पुट ऑफ म्हणजे आज नको उद्या करू असं करणं. पण जो ऑफ तिच्या तोंडात पक्का बसलेला होता तिथपर्यंत मी जात नव्हते. तो चुकीचा आहे हे मला त्या बाकावरच माहीत होतं. मुलाखतीत तो तिच्या तोंडून निघणार हेही उघड होतं. नर्सला मरणाबद्दल विचारणार नाहीत तर कशाबद्दल विचारतील?

मुलाखत आठवड्यावर आली तेव्हा आम्ही रंगीत तालीम घेतली. मी खुर्चीत मेट्रन होऊन बसले. लिडिया केस घट्ट बांधून, युनिफॉर्म घालून आली होती. दारावर टकटक केली, मे आय कम इन म्हणाली, बस म्हटल्याशिवाय बसली नाही.

"हाऊ डू यू गेट ऑन विथ युअर सीनियर्स?"

"आय गेट ऑन वेल विथ देम, मॅडम." डोळ्यांत नुसतं हसू होतं, तोंड सरळ होतं.

बाकीचं चांगलं गेलं. एक पेशंट चक्कर येऊन पडला, तिनं त्याचे पाय वर केले आणि तो कम राऊंड झाला. एक म्हातारी औषध घेईना, तिला तिनं टॉक इनटू केलं, म्हणजे समजावून घ्यायला लावलं. मग मी पुढचा प्रश्न विचारला. अ पेशंट डाइज, म्हणाले, आणि पुढे रिलेटिव्ह म्हणणार होते. तोंडातून डॉटर निघालं. तिची मुलगी बाहेर बसली आहे. तू तिला काय सांगशील?

लिडियानं विचारसुद्धा केला नाही. "आय टेल हर, युअर मदर इज ऑफ."

बाहेर रस्त्यावरून उसाची गाडी चालली होती. ती जाईपर्यंत मी थांबले.

"लिडिया, हे चालणार नाही," मी मराठीत म्हणाले. "इंग्रजीत दिवा ऑफ होतो. दूध ऑफ होतं, म्हणजे नासतं. माणूस ऑफ होत नाही."

"आमी तर समदे त्येच म्हनतो. डाक्टर पन म्हनत्यात."

"इथं. तिथं कुणाला कळणार नाही. आणि ज्याला कळेल त्याला वाईट वाटेल."

तिनं हात तोंडावर नेला. तिला कळलं होतं.

"तुमाला वाईट वाटलं हुतं?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. "काहीच वाटलं नव्हतं."

मी शिकवायला लागले. पास्ड अवे म्हणतात. नातेवाइकांशी बोलताना सभ्य समजतात.

"पास तर परीक्षेत हुतो," ती हळूच म्हणाली. "पास आउट बेशुद्ध. पास वॉटर लघवी. आन पास अवे त्ये. बाई, मी त्या पोरीपुढं उभी राहनार, आन ह्यातलं भलतंच एखादं निघालं तर?"

शक्य होतं. "मग सरळ डाइड म्हण. त्याला शेपटी नाही. चुकायचा प्रश्नच नाही."

"त्ये नको."

"का?"

"त्ये मला कुनाच्या तोंडावर म्हनता येत न्हाई. मराठीत तरी कुठं म्हनते?" तिनं युनिफॉर्मची चुणी बोटांनी सपाट केली. "वार्डात तुमच्यातले आस्त्यात, आमच्यातले आस्त्यात, मुसलमान आस्त्यात. तुमच्यात देवाघरी गेले म्हनत्यात. आमच्यात प्रभूत झोपले म्हनत्यात. त्यांच्यात निराळं. दारातनं बाहेर येऊस्तवर कोन कुनाचं, ध्यानात राहत न्हाई. मेली म्हनावं तर मानूस अंगावर येतं. ऑफ कुनाच्याच घरचा शब्द न्हाई, बाई. म्हनून त्यो चालतो."

मी त्या शब्दाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर तो माझ्यापर्यंत आला तेव्हा मी त्याची जात ओळखायला गेले, विशेषण की क्रियाविशेषण.

"पण तिथं तो त्यांच्या घरचा आहे," मी म्हणाले.

ती उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणायला लागली. शी डाइड. शी डाइड. भिंतीशी जमलं. वळून माझ्याकडे बघितलं की ड वर अडायची. शेवटी ती खाटेवर माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "मिस, आय ॲम व्हेरी सॉरी. युअर मदर डाइड."

"हॅज डाइड म्हण. आत्ताच झालं असेल तर हॅज."

"युअर मदर हॅज डाइड."

"बरोबर."

"तुमी ठीक हाय ना, बाई?"

"हो. पुढचं घेऊ."

पुढचं घेतलं. तिला उजेड असेपर्यंत बसवलं आणि सगळं पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. ती गेल्यावर मी मिलोच्या दोन भाकरी केल्या. त्या वर्षी रेशनवर तीच लाल ज्वारी मिळायची. थापताना तडकत, म्हणून लक्ष द्यावं लागे.

लिडिया मुंबईला गेली. मधे दोन दिवस मला संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं. पुस्तक उघडलं, तर ओळी नुसत्या शेपट्यांनी भरलेल्या दिसायला लागल्या. गेट, पुट, टेक. ती कुठल्या प्रश्नावर अडली असेल याचा विचार करत राहिले. बऱ्याच दिवसांनी मी कशाचा तरी विचार करत होते. पास व्हायला हवी, असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं छातीत एका जागी दुखल्यासारखं कळत होतं.

रविवारी दुपारी काकासाहेब आला होता, आम्ही जेवायला बसणार होतो. लिडिया एस.टी. स्टँडवरून थेट आली. पिशवी खांद्यावर, तोंडावर प्रवासाची धूळ. आत आली ती बसलीच नाही.

"बाई, टेक ऑन म्हंजी काय?"

"काय झालं?"

"आधी सांगा. टेक ऑन म्हंजी काय?"

"पूर्ण वाक्य सांग. नुसतं सांगून अर्थ लागत नाही."

तिनं डोळे मिटले. "वुई वुड लाइक टू टेक यू ऑन. एवढंच म्हनाली ती मेट्रन, आन उठून हात पुढं केला. मी थँक्यू म्हनून बाहेर आले. बाहेरच्या पोरी इचारत्यात, झालं का? मी म्हनाले, कळत न्हाई. मुंबैपासनं त्येच उलगडत बसलीया. टेक ऑफ शिकवलं तुमी, टेक आउट शिकवलं, टेक डाऊन शिकवलं. टेक ऑन काय शिकवलं न्हाई!"

"अंगावर घेनं आसंल," काकासाहेब म्हणाला. "कुस्तीत म्हनत्यात तसं. म्हंजी ये म्हनावं, बघतो तुला."

लिडियाचा चेहरा पडला.

"कामावर घेणं," मी म्हणाले. "त्यांनी तुला घेतलं."

"घेतलं?"

"घेतलं."

ती होती तिथंच जमिनीवर बसली, पिशवी खांद्यावर तशीच. "मंग घेतलं म्हनायचं की सरळ! शेपटी कशाला लावायची मेलीनं! मी राहुरीपतुर रडत आले!"

काकासाहेब मोठ्यानं हसला. "गेला म्हना खर्डा! बसा लिडियाबाई, तुमच्या आईला मी सांगून येतो. तुमी सांगितलं तर ती तुमालाच बडवंल." आणि तो जेवण तसंच टाकून निघाला.

मी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं.

"ते विचारलं का?" मी म्हणाले. "बाहेर बसलेल्या मुलीला काय सांगशील ते?"

"न्हाई. तसं न्हाई इचारलं. मेट्रन म्हनाली, तुझ्या ध्यानात राहिलेला एखादा पेशंट सांग." तिनं तांब्या खाली ठेवला. "मी तुमच्या आई सांगितल्या."

मी ताटाजवळ बसले.

"रागावू नका. मी त्ये इंग्लिशमधी आधीच जुळवून ठेवलेलं हुतं. रोज एस.टी.त मनात म्हनत हुते. शेवटच्या टायमाला मीच जवळ हुते ना. तुमाला सांगायचं हुतं, पन तुमी कधी इचारलं न्हाई. मराठीत कसं काढावं कळंना."

"सांग."

"मराठीत?"

"नाही. तिथं सांगितलंस तसं."

ती मांडी घालून ताठ बसली, मेट्रनसमोर बसली असेल तशी.

"शी वोक अप," ती म्हणाली.

मी मनात एकेक वाक्य मराठीत करत गेले. वर्गात करते तसं, सवयीनं. आई जागी झाली.

"शी सेट अप. नोबडी हेल्प्ड हर."

"सॅट अप."

"शी सॅट अप."

उठून बसली. कुणी आधार दिला नाही.

"शी आस्क्ड फॉर वॉटर. शी ड्रँक इट अप."

पाणी मागितलं. सगळं पिऊन टाकलं.

"देन शी सेड, गर्ल, टेक ऑफ युअर कॅप. आय वाँट टू सी युअर हेअर."

पोरी, टोपी काढ. केस बघू दे तुझे.

"रूल न्हाई आमाला टोपी काढायचा," लिडिया मधेच मराठीत म्हणाली. "पन काढली मी. त्या अशा बघत हुत्या." ती पुन्हा ताठ झाली. "आय टूक इट ऑफ. शी टच्ड माय हेअर. शी सेड, व्हेरी थिक. पुट ऑन सम ऑइल, डोन्ट ड्राय इट आउट."

लई दाट हायेत गं. तेल लावत जा, वाळवून टाकू नको. हे मात्र मी केलेलं मराठी नव्हतं. ते आईच्या आवाजात आलं.

"तिथं मेट्रन हसली," लिडिया म्हणाली. "मंग मी पुढचं सांगितलं. देन शी ले डाऊन. शी टर्न्ड ओव्हर टू द वॉल. आय पुट माय कॅप ऑन अगेन. इट टूक अ मिनिट, बिकॉज ऑफ द पिन्स. देन आय लुक्ड ॲट हर."

आडवी झाली. भिंतीकडे कूस वळवली. पिना लावायला मिनिट गेलं. ती बोलायची थांबली होती.

"अँड देन?" मी विचारलं.

"देन नथिंग, बाई. देन आय केम आउट टू टेल यू. तिथं टू टेल द डॉटर म्हनाले हुते." ती माझ्याकडे बघत होती. "केम आउट, का वेंट आउट?"

"केम आउट बरोबर आहे," मी म्हणाले. "मी बाहेर होते." ताटावर काहीतरी टपटपत होतं आणि मला ते पुसायचं सुचत नव्हतं. "पुन्हा सांग. पहिल्यापासून."